तुमच्या फोटोतला काळा धूर

वाफेच्या इंजिनांवर जीव टाकणाऱ्या तमाम रेल्वेप्रेमींना,

सप्रेम नमस्कार.

चार रेल्वेप्रेमी जमले की आवडत्या इंजिनाचा विषय निघाल्याशिवाय चहा संपत नाही. अशा बऱ्याच बैठकांना मी बसलोय, त्यामुळं उत्तरंही पाठ झाली आहेत. पहिला मान डब्ल्यूपीचा, म्हणजे मेलगाड्या ओढणाऱ्या इंजिनाचा. टोकदार नाक, नाकावर मधोमध दिवा, दिव्याभोवती रंगवलेला तारा. मेलगाडीच्या पुढं लागलं की नवरदेवासारखं दिसायचं. मग कुणी १८५५ सालच्या फेअरी क्वीनचं नाव काढतो, कुणी दार्जिलिंगच्या बी क्लासचं, कुणी निलगिरीच्या एक्स क्लासचं. बोलणारा आपल्याकडचा असेल तर माथेरानची चार ठेंगणी इंजिनं येतात, आणि विदर्भातला असेल तर तिथल्या शकुंतला या छोट्या गाडीसाठी मँचेस्टरहून आलेलं, १९२१ साली बांधलेलं आणि १९९४ पर्यंत राबलेलं इंजिन.

यातल्या एकाही नावाला माझी हरकत नाही. पण दोन वर्षांमागं हाच प्रश्न मी घरी विचारला आणि उत्तर वेगळं आलं.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, १९६२ साली दौंडच्या लोको शेडमध्ये क्लीनर म्हणून लागले. क्लीनरचे सेकंड फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारे, झाले, मग फर्स्ट फायरमन, मग यार्डात इंजिनं आणि डबे हलवणारे शंटर आणि शेवटी ड्रायव्हर. आज वय त्र्याऐंशी. मी विचारलं, "अण्णा, तुमचं आवडतं इंजिन कुठलं?"

"जे स्टीम देतं ते."

"तसं नाही हो. क्लास सांगा."

"डब्ल्यूजी."

"आणि डब्ल्यूपी?"

"ते तेच की. त्याला नुसती टोपी घातलेली."

मला आधी वाटलं, मालगाडीवाल्याचा मेलगाडीवाल्यावरचा जुना राग असेल. तो थोडा होताच. पण नंतर वाचत गेलो तसं कळलं, की त्या टोपीच्या वाक्यात अण्णांनी निम्मी अभियांत्रिकी सांगून टाकली होती. डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजी यांचं बॉयलर एकच. वाफेचा दाब तोच, चौरस इंचाला २१० पौंड. खालची चाकं तेवढी वेगळी. डब्ल्यूपी ४-६-२, म्हणजे पुढं चार लहान, मधे सहा मोठी आणि मागं दोन लहान चाकं; मोठी चाकं साधारण १ मीटर ७० सेंटिमीटर व्यासाची, पळण्यासाठी. डब्ल्यूजी २-८-२, चाकं १ मीटर ५६ सेंटिमीटरची आणि जोडलेली चाकं सहाऐवजी आठ, ओढण्यासाठी. डब्ल्यूपी १९४७ ते १९६७ या काळात ७५५ झाली. डब्ल्यूजी १९५० ते १९७० मध्ये २४५० झाली, म्हणजे तिपटीहून जास्त. आणि तरी कुणाच्याही आवडत्या इंजिनांत डब्ल्यूजीचं नाव मी ऐकलेलं नाही.

चित्तरंजनच्या कारखान्यातून बाहेर पडलेलं पहिलं इंजिन डब्ल्यूजी होतं. नंबर ८४०१, नाव 'देशबंधू', तारीख १ नोव्हेंबर १९५०, आणि समारंभाला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद. देशातलं शेवटचं ब्रॉडगेज वाफेचं इंजिनही डब्ल्यूजीच, १९७० सालचं, नंबर १०५६०, नाव 'अंतिम सितारा'. मधली वीस वर्षं या इंजिनानं साखर ओढली, गहू ओढला, सिमेंट ओढलं, आणि वेळ पडली तर पॅसेंजरही. दौंड–मनमाड लाइन म्हणजे सगळा साखरेचा पट्टा. राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव. गळीत हंगामात शेडमध्ये रिकामं इंजिन म्हणून दिसायचं नाही, असं अण्णा सांगतात.

डब्ल्यूपीचाही एक इतिहास आहे आणि तो त्या ताऱ्यापेक्षा मला मोठा वाटतो. त्याच्या आधीची एक्सबी जातीची इंजिनं वेगात नागासारखी डोलायची, रूळ वाकवायची. १७ जुलै १९३७ ला पाटण्याजवळ बिहटा इथं अशाच एका इंजिनाची एक्स्प्रेस रुळावरून घसरली आणि शंभरावर माणसं गेली. चौकशीसाठी इंग्लंडहून समिती आली, तिच्यात तिथले नामांकित इंजिन-अभियंते विल्यम स्टॅनियरही होते. पुढं डब्ल्यूपीचा आराखडा झाला तो हे धडे समोर ठेवून आणि आपल्याकडच्या राखाळ कोळशासाठी मुद्दाम रुंद भट्टी घेऊन. तुम्ही नाकाचे फोटो काढता. त्या इंजिनाची खरी करामत नाकामागं पंधरा-वीस पावलांवर, फायरबॉक्समध्ये, म्हणजे त्या भट्टीत आहे.

आता मुद्द्यावर येतो. तुमच्या फोटोंतला काळा धूर.

वारसा गाड्या निघतात, तुम्ही कॅमेरे घेऊन वळणावर उभे राहता, आणि इंजिन दिसलं की ओरडता, "धूर काढा, धूर काढा!" फूटप्लेटवरचा, म्हणजे इंजिनातल्या उभं राहायच्या जागेवरचा, बिचारा फायरमन पाहुण्यांचं मन मोडू नये म्हणून चार फावडी एकदम टाकतो, आणि धुराड्यातून काळाकुट्ट लोट निघतो. फोटो झकास येतो. असाच एक फोटो मी अण्णांना मोठा करून दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितला आणि म्हणाले, "कोण फायरमन आहे हा? याला खाली उतरवा."

काळा धूर म्हणजे न जळता वर गेलेला कोळसा. भट्टीला हवा कमी पडली किंवा एकाच जागी ढीग पडला की तो निघतो. चांगल्या फायरमनच्या धुराड्यावर फिकट करडी झाक असते, बस्स. शेडच्या बाहेर आकाशात काळा पट्टा उठला की फोरमन केबिनमधून बाहेर यायचा आणि इंजिनाचा नंबर बघायचा. चारचौघांत अपमान असायचा तो. फायरमन काय चूक करतोय हे अख्ख्या गावाला दिसेल अशी सोय इंजिनानंच केलेली. आणि तुम्ही ती चूक मागून घेता, चौकट करून भिंतीवर लावता!

कोळसा टाकणं म्हणजे फावडं भरून आत भिरकावणं, असं मलाही लहानपणी वाटायचं. अण्णांनी अंगणात वाळूचा ढीग आणि खडूनं आखलेला चौकोन घेऊन मला शिकवलं होतं. फावडं दाराच्या कडेला अलगद टेकवायचं आणि शेवटच्या क्षणी मनगटाला गिरकी द्यायची, म्हणजे कोळसा पंख्यासारखा पसरतो. थर पातळ ठेवायचा. मागचे दोन कोपरे आणि कडेच्या भिंती आधी, मध्यभागी सगळ्यात शेवटी. "कोपरे उपाशी ठेवायचे नाहीत," हे त्यांचं वाक्य. पंगतीत वाढतानाही ते हेच म्हणायचे, त्यामुळं कितीतरी वर्षं मला ते जेवणाचंच वाक्य वाटत होतं. हे सगळं हलत्या लोखंडी पत्र्यावर उभं राहून, पुढून भट्टीची धग आणि मागून गाडीचा वारा. एक पाय इंजिनावर, एक टेंडरवर, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यावर, आणि मधली जोडपट्टी पायाखाली सारखी सरकतेय. मे महिन्यात, विसापूर-सारोळ्याच्या उन्हात. काचेच्या नळीतल्या पाण्यावर एक डोळा कायम. पाणी भट्टीच्या छताखाली उतरलं तर छतातला शिशाचा प्लग वितळतो आणि वाफ भट्टीत घुसून आग विझवते. बॉयलर वाचतं, फायरमनला मात्र चार्जशीट. "प्लग उडाला" हे शब्द आमच्या कॉलनीत मुलगा दहावीत नापास झाल्याच्या सुरात बोलले जायचे.

आणि रात्री. रात्रीचा कॉलबॉय तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? शेडमधून एक पोरगा सायकलवर यायचा, हातात कंदील आणि काखेत वही. दोन वाजता दारावर काठी. "अण्णा, कॉल आहे!" अण्णा झोपेतच उठून वहीत सही करायचे, आई स्टो पेटवायची. आम्ही भावंडं गोधडीतून बघायचो. डबा, पाण्याची सुरई, डोक्याला बांधायचं फडकं. परत कधी येणार हे त्यांनाही माहीत नसायचं. मालगाडीला कुठं बाजूला घालतील त्याचा नेम नाही. कधी सोळा तास, कधी बावीस. पहाटे परत आले तर डोळ्यांच्या कडा सोडून सगळं काळं. आई त्यांचे कपडे आमच्या कपड्यांत कधीच भिजवायची नाही. त्यांची बादली वेगळी, सोड्याचं पाणी वेगळं, आणि तरी दोरीवर वाळत घातलेला शर्ट करडाच.

अण्णा डिझेलवर गेले, त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी घरी आले तो शर्ट सकाळी घातला तसाच पांढरा. आई बघतच राहिली. म्हणाली, "आज कामावर गेलाच नव्हतात का?"

हे मुद्दाम लिहितोय, कारण तुमच्यातल्या काहींना वाटतं की डिझेल आलं तेव्हा शेडमधली माणसं रडली असतील. आमच्या घरी कुणी रडलं नाही. आईनं त्या रात्री गोड केलं होतं. डिसेंबर १९९५ मध्ये जालंधर–फिरोजपूर मार्गावर ब्रॉडगेजवरची शेवटची नेहमीची वाफेची गाडी धावली, तेव्हा पेपरातली बातमी मीच अण्णांना वाचून दाखवली. "बरं झालं," म्हणाले आणि हात धुवायला गेले. नंतर बराच वेळ नळ वाहत होता, पण त्याचा अर्थ मी लावत बसत नाही.

तरीही या माणसाला इंजिन तुमच्या-माझ्याहून जास्त समजतं. त्यांच्या कानाचंच सांगतो. दोन सिलिंडरचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा उसासा टाकतं. वापरलेली वाफ धुराड्यातून बाहेर फेकली जाते, तोच तुमचा झुकझुक आवाज. ती वाफ जाताना मागं पोकळी करते आणि भट्टीतली हवा खेचून नेते, म्हणून इंजिन जितकं दमतं तितकी आग फुलते. चढावर इंजिन स्वतःच स्वतःचा भाता होतं. डब्ल्यूजीच्या चाकाचा घेर जवळपास पाच मीटर, म्हणजे चार ठोक्यांत गाडी पाच मीटर पुढं. अण्णा घड्याळ न बघता वेग सांगायचे. चारातला एक ठोका लंगडा पडला तर कुठल्या बाजूचा व्हॉल्व्ह बिघडलाय तेही. अंकाईच्या चढावर, पाऊस भुरभुरतोय, चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागली की रेग्युलेटर, म्हणजे वाफेचा दांडा, किती मिटायचा आणि रुळांवर वाळू कधी सोडायची, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं. ते फक्त हातात असतं.

आणि ते हात आता ऐंशीच्या पुढचे आहेत.

तुमच्याकडं काय काय आहे, मला माहीत आहे. मी बघितलंय. इंजिनांच्या नंबरांच्या याद्या, कुठल्या कारखान्याचं, कुठल्या सालचं, कुठल्या शेडला, कधी भंगारात. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकात परदेशातून आलेल्या लोकांनी आपल्या शेडांमध्ये चिकाटीनं काढलेले फोटो. हे तुम्ही जपलं नसतं तर सगळंच गेलं असतं, त्याबद्दल मनापासून आभार. पण त्या फोटोंखाली बघा. इंजिनाचा नंबर आहे, तारीख आहे, ठिकाण आहे. खिडकीतून डोकं बाहेर काढून हसणाऱ्या माणसाचं नाव नाही. एकदा तरी खाली "ड्रायव्हर अमुक, फायरमन तमुक" असं वाचलंय का तुम्ही? मी शोधतोय, कारण त्यातल्या एखाद्या दौंडच्या फोटोत अण्णा असतील अशी मला अजून आशा आहे.

नावं राहिली आणि यंत्रं गेली, असंही आपल्याकडं झालेलं आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तिची साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिनं शाळकरी पोरांना पाठ आहेत. तिन्हींपैकी एक आज कुठं जाऊन बघता येतं का? माथेरानची चार नशीबवान म्हणायची. ऑरेनस्टाइन अँड कोपेलनं जर्मनीत बांधलेली, १९०७ पासून १९८२ पर्यंत चाललेली, पुढच्या-मागच्या चाकांना आडवं हलता येईल अशी खास रचना असलेली. नाहीतर त्या साठ फुटी त्रिज्येच्या वळणांवर ती वळलीच नसती. त्यातलं एक तर समुद्र ओलांडून इंग्लंडला पोचलंय. बार्शी लाइट रेल्वेचं सांगायला बसलो तर हे पत्र पंढरपूरला जाऊन थांबेल. कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रजानं १८९७ मध्ये बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, दाखवून दिलं की एका आसावर पाच टनांहून जास्त भार न टाकताही दमदार गाडी चालते. लीड्सच्या किटसन कारखान्यानं त्यासाठी ०-८-४ इंजिनं करून दिली. पुढं इंग्लंडातल्या एका छोट्या लाइनीसाठी याच धर्तीची इंजिनं बांधली गेली. म्हणजे आषाढी-कार्तिकीला वारकरी वाहणाऱ्या आपल्या छोट्या गाडीची नक्कल साहेबानं आपल्या घरी नेली! हे कुर्डुवाडीच्या पोरांना माहीत हवं की नको?

एकदा अण्णांना घेऊन एका स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर ठेवलेलं इंजिन बघायला गेलो होतो. स्टेशनाचं नाव लिहीत नाही, कारण असं एकच नाही. डब्ल्यूजीच होतं. चंदेरी, लाल, निळा असा ऑइलपेंट, इतका जाड की पितळी पाटीवरची अक्षरं बुजून गेली होती; बाकी पितळ कुणीतरी आधीच नेलं होतं. अण्णा काठी टेकत सगळ्या बाजूंनी फिरले. कनेक्टिंग रॉडच्या टोकाशी बोट घालून बघितलं, बोट कोरडं. काठीनं बॉयलरवरच्या पत्र्याच्या खालच्या कडेला हलकंच टोचलं, तर गंजाचे पापुद्रे आणि सांदीत साठलेलं पावसाचं पाणी बाहेर आलं. पत्रा आणि बॉयलर यांच्यामध्ये पाणी मुरलं की बाहेरून इंजिन दिवाळीचं दिसतं आणि आतून वाळवी लागल्यासारखं जातं. फायरबॉक्सचं दार वेल्डिंग करून बंद केलेलं. त्या दारावर अण्णांनी हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही.

शेजारी फलक होता. इंजिनाचं वजन, लांबी, बांधणीचं साल. अण्णांनी मला वाचायला लावला आणि विचारलं, "माणसं किती लागायची ते लिहिलंय?"

लिहिलेलं नव्हतं. तीन लागायची. एक ड्रायव्हर, दोन फायरमन. शेडमधले क्लीनर, फिटर, बॉयलरमेकर, राख काढणारे, कॉलबॉय वेगळेच.

परवा नातवानं त्यांना मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. २०२३ मध्ये गुजरातेत अहमदाबाद–एकतानगर अशी वारसा गाडी सुरू झाली, तिचं इंजिन दिसायला वाफेचं आणि आतून विजेचं. अण्णांनी पूर्ण बघितला, दोनदा. मग म्हणाले, "छान आहे. फायरमन कुठं बसतो?" नातू म्हणाला, "नसतो आजोबा." यावर ते जे हसले, तसे गेल्या कित्येक महिन्यांत हसले नव्हते. मला त्या गाडीबद्दल राग नाही, पोरांना हौसेनं बसू दे. पण टोपीवर भागतं हे एकदा सगळ्यांना पटलं की खाली डोकं कुणी शोधत नाही. तुमच्या "आवडतं इंजिन कोणतं"नं थोडंफार तेच केलंय, असं मला वाटतं. रागावू नका.

म्हणून मागणं आहे. चौथऱ्यांवरच्या इंजिनांसाठी तुम्ही अर्ज करता तेव्हा रंगाची मागणी करू नका. पत्रा उघडून आतलं पाणी काढा, सांध्यांना ग्रीस भरा, वर छप्पर टाका, एवढंच मागा. रंग सगळ्यात शेवटी, आणि काळा. हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये 'अकबर' डब्ल्यूपी अजून जपलेली आहे आणि निलगिरीसाठी तमिळनाडूतल्या गोल्डन रॉकच्या रेल्वे कारखान्यात अगदी अलीकडं नवी वाफेची इंजिनं बांधली गेली, म्हणजे हे कसब देशातून पार गेलेलं नाही. आपल्याकडं वाफेवरचं एक जरी ब्रॉडगेज इंजिन फिरतं ठेवायचं ठरलं, तर ते डब्ल्यूजी असावं. नाक नसलेलं.

आणि दुसरं, याला अर्ज लागत नाही, परवानगी लागत नाही, पैसेही लागत नाहीत. दौंड, मनमाड, भुसावळ, मिरज, कुर्डुवाडी, पूर्णा, अकोला. या गावांत जा. मिरजेला तर एके काळी तिन्ही गेज, म्हणजे तिन्ही रुंदीचे रूळ, एका स्टेशनात होते. तिथला म्हातारा शंटर भेटला तर तुमची अख्खी सुट्टी कमी पडेल. रेल्वे कॉलनीमागच्या आळीत कुणालाही विचारा, स्टीमवरचं कोण उरलंय. घर दाखवतील. कॅमेरा बाजूला ठेवून मोबाईलवर आवाज नोंदवा. "तुमचं आवडतं इंजिन कोणतं" हे विचारू नका, "जे स्टीम देतं ते" असंच ऐकायला मिळेल. विचारा, कोपरे कसे भरायचे. क्लिंकर, म्हणजे राखेचा वितळून घट्ट झालेला थर, धरला तर काय करायचं. पावसाळ्यात ओला कोळसा आला तर काय करायचं. अंकाईला गाडी अडली होती ती रात्र कोणती. सोबत फायरमन कोण होता, ड्रायव्हर कोण होता. नावं आडनावांसकट, लिहून घ्या.

आमच्याकडंही या. अण्णा दुपारी झोपतात, चारनंतर बरं. जुने फोटो असतील तर घेऊन या, दौंडचे असतील तर आवर्जून. बसताना त्यांच्या डाव्या हाताला बसा. उजव्या कानानं त्यांना आता काही ऐकू येत नाही.

आपला,
एका फायरमनचा मुलगा
दौंड